टॅक्सीवाटेवरचं खळं

आत्या, आपलं भांडण अर्धंच राहिलं. इतकी वर्षं भांडलो, आणि नेमका शेवटचा मुद्दा माझ्या हाती लागला तेव्हा ऐकायला तूच नाहीस. बेंगळुरूहून, लेकीकडून यायचं, तुझ्यासमोर बसायचं, चहा करून द्यायचा आणि मग हळूच सांगायचं, असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं मी. तू त्याआधीच निघालीस. दुपारी जेवलीस, वहिनीला म्हणालीस जरा पडते, आणि उठलीच नाहीस. कुणाचं ऐकायची सवय तुला कधीच नव्हती, हे ठाऊक आहे. पण एवढी घाई?

भेटायला येतात ते सगळे म्हणतात, सोनं झालं, कुणाला त्रास दिला नाही. मी मान डोलावते. खरं सांगू, मला राग येतो तुझा. आणि राग येऊन संपला की लगेच डोळे भरतात. उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्स तपासायला बसते तर शिलाई दिसत नाही. आमचे शेठ परवा म्हणाले, घरी जा भेण, दोन दिवस नको येऊस. त्यांच्या आईला तू भाजी द्यायचीस आणि भावावरून सिंधीत तिच्याशी हुज्जत घालायचीस, हे अजून लक्षात आहे त्यांच्या.

मला तू पहिल्यांदा विमानांच्या त्या जुन्या पट्टीवर नेलंस तेव्हा मी किती असेन, शाळेत जायला लागले होते एवढं आठवतं. पाठीमागे मलंगचा डोंगर, एका बाजूला भाताची शेतं, आणि मधोमध ती. मी थांबलेच. आपल्याकडे सगळं वाकडं असतं गं. बांध वाकडा, ओढा वाकडा, देवळाकडे जाणारी वाटसुद्धा शेतांना वळसे घालत जाते. आणि इथे एवढं सरळ, एवढं रुंद, की दुसऱ्या टोकाला उभा असलेला बैल उंदराएवढा दिसत होता. मी विचारलं, हे कुणी केलं? तू म्हणालीस, तुझ्या आज्यानं. मला वाटलं आजा म्हणजे कुणी राक्षसच असणार.

नंतर कळलं की ते खोटं नव्हतं. मोठी लढाई चालू होती, गोऱ्या सरकारला इथे विमानं उतरवायची होती, आणि त्यांनी जी जमीन धरली त्यात आपली खाचरं होती. आज्याचं खळंही त्यातच गेलं, जिथे झोडणी व्हायची, भाताची रास पडायची. मग पट्टी बांधायला माणसं लागली, तेव्हा आजाच कामाला गेला. आपल्याच खळ्यावर खडीची घमेली त्याने स्वतः ओतली. वरून रूळ फिरला. ही गोष्ट तू सांगायचीस तेव्हा तुझा आवाज कधी रडवा झाला नाही. माणूस आपलंच शेत आपल्या हाताने पुरतो आणि पुढे जगतो, भात लावतो, लग्न करतो, तुझ्यासारखी हट्टी मुलगी वाढवतो. कसं केलं असेल त्याने?

पहिलं विमान उतरलं तेव्हा म्हणे आजा बांधावर पालथा पडला होता. जमीन पोटाखाली थरथरत होती. मग उठून बघितलं, तर त्या धुडातून उतरलेली सगळी पोरंच. मिशीसुद्धा नीट न फुटलेली. तोंडं उन्हाने लालबुंद, आणि एक जण उतरल्या उतरल्या पट्टीकडेला बसून ओकत होता. आजा त्याला पाणी द्यायला गेला. एवढीच गोष्ट. पण तू ती सांगताना दर वेळी जमिनीवर हात ठेवून दाखवायचीस, कशी थरथरली ते. आणि तुझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

लढाई संपली, विमानं गेली. फौजेच्या रिकाम्या बराकींत सिंधी लोक येऊन राहिले आणि उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाले कॅम्प चार, कॅम्प पाच असंच ओरडतात. एकाच लढाईने शेठच्या घराला छप्पर दिलं आणि आपलं खळं नेलं. मी हे एकदा तुला म्हटलं, जरा तणतणतच म्हटलं. तू टोपलीतली मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, त्यांचंही खळं तिकडे राहिलंच ना.

आता आपल्या भांडणावर येते.

दर वर्षी भात झोडून झालं की तू नव्या तांदळाची भाकरी, गूळ आणि नारळ घेऊन पट्टीवर जायचीस. खळ्याचा निवद. इतरांची खळी त्यांच्या शेतात, आपलं सिमेंटखाली, म्हणून निवद सिमेंटवर. आजा जायचा, त्याच्यामागून तू. जागा कशी ओळखायची, तर आज्याने एक खूण दिली होती. आंबे गेले, बांध गेले, विहीर बुजली, पण खूण राहिली. तू ती त्याच्याच शब्दांत म्हणायचीस.

“टॅक्सीवाटंचा तोंड आपले खल्याव उघारतं.”

टॅक्सीवाटेचं तोंड आपल्या खळ्यावर उघडतं. झालं. या एका वाक्यावरून आपण तिघांनी, तू, मी आणि दादाने, किती दिवाळ्या वाया घालवल्या!

पट्टीला बाजूने दोन रस्ते मिळतात. एक हमरस्त्याकडून येणारा, रुंद, मुरुमाचा. दुसरा एक अरुंद, फुटका सिमेंटचा तुकडा, जो कुठूनच येत नाही. मागे नुसतं मोकळं रान, निवडुंग आणि पडक्या विटा. तू दर वर्षी त्या फुटक्या तुकड्याच्या तोंडाशी बसायचीस. दादा कपाळावर हात मारायचा. त्याचं म्हणणं, टॅक्सी आली तर हमरस्त्याने येणार ना? म्हणजे टॅक्सीवाट ही मुरुमाचीच. आत्या आयुष्यभर चुकीच्या टोकाला नारळ फोडतेय. माझं म्हणणं आणखी तिरकं. मी म्हणायचे, लढाईच्या धामधुमीत इथे टॅक्सी येईलच कशी? मुंबईची काळी-पिवळी काय शिपायांना घेऊन मलंगला यायची? आज्याने काहीतरी ऐकलं, काहीतरी सांगितलं. टॅक्सीच नव्हती, तर वाट कुठली आणि खूण कुठली. जिथे बसशील तिथे खळं समज आणि घरी चल, ऊन लागतंय.

तुला टॅक्सीच दिसायची, हे मात्र कबूल कर. तू तर रंगासकट सांगायचीस. गोरा साहेब मागे बसलाय, टोपी मांडीवर, आणि टॅक्सी त्या फुटक्या वाटेने हळूहळू पट्टीवर येतेय. आम्ही खो खो हसायचो. दादाची मुलं तर तुला भर दिवाळीत विचारायची, आजी, भाडं किती घ्यायचा गं टॅक्सीवाला? तू चिडायची नाहीस. म्हणायचीस, माझा बाप शब्दाचा खोटा नव्हता. तो टॅक्सी बोलला म्हणजे टॅक्सी. आणि भाकरीचा तुकडा मोडून सिमेंटवर ठेवायचीस.

तुकडेही दोन ठेवायचीस. एक खळ्याला, आणि दुसरा जरा लांब. दुसरा कुणाचा, हे मला उशिरा कळलं. त्या विमानातल्या पोरांचा. इथून उडाली ती पुढे कुठे उतरली, उतरली की नाही, कोण जाणे, असं आजा म्हणायचा. माझं डोकंच फिरलं होतं तेव्हा. आपली जमीन ज्यांनी घेतली त्यांनाच आपण निवद दाखवायचा? तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी विसरणार नाही.

“ती पोरा काय जमिनी घ्याला आल्ती? त्यानला कोनीतरी धारलं.”

त्यांना कुणीतरी धाडलं होतं. बाजारात टोपली घेऊन बसणारी तू, कधी अंबरनाथच्या पलीकडे फारशी न गेलेली, आणि तुझ्या पोटात एवढी जागा कुठून आली गं? मी तुझ्याशी वाद घालत राहिले, पण त्या दिवसापासून मनातून तुला जरा घाबरूनच असायचे.

गेल्या वर्षीपासून दादा म्हणायला लागला की आता हे पुरे. पट्टीवर सकाळी चालायला माणसं येतात, पोरं गाड्या शिकतात, निम्म्या भागाला कुंपण आलं. कुणी हटकलं तर? निवद गावदेवीच्या देवळात ठेवू, देवाला पोचल्याशी कारण. त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं. तो तुझा सख्खा भाचा, त्यालाच तुला मोटारसायकलवर मागे बसवून तिथे न्यावं लागायचं, आणि तुझ्या गुडघ्यांची काय दशा होती ते मी जाणते. तू फक्त एवढंच म्हणालीस, जागा सोडली की जागा जाते. नंतर मला एकटीला गाठून म्हणालीस, माझ्यामागे तू जाशील ना? मी म्हटलं, बघू. तुला काय होतंय एवढ्यात, आणि मुळात जागा तरी खरी आहे का?

बघू म्हटलं होतं मी.

मग स्नेहलने तिकीट पाठवलं. माझी लेक बेंगळुरूला, आणि मी जन्मात विमानात बसले नव्हते. तू निघताना माझ्या कपाळाला अंगारा लावलास आणि म्हणालीस, वर गेलीस की खाली बघ, आपली पट्टी दिसते का. काय दिसणार होतं! मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते. विमान हललं तशी मी डोळे मिटले. पण ते उडेचना. नुसतं हळूहळू जमिनीवरून चाललंय, वळतंय, थांबतंय, परत चाललंय. शेजारी एक मुलगा होता, त्याला घरून फोन आला. तो म्हणाला, हां मम्मी, फोन रखता हूं, टॅक्सी कर रहा है अभी.

मी डोळे उघडले. म्हटलं, बेटा, टॅक्सी किधर? अभी तो अपुन विमान में है.

त्याला हसू आलं, पण चांगल्या घरचा असावा, नीट सांगितलं त्याने. विमान उडण्याआधी जमिनीवर असं चालत जातं ना आंटी, उसी को टॅक्सी बोलते हैं. और ये जो छोटा रास्ता है, जहां प्लेन खडा रहता है वहां से रनवे तक, इसको टॅक्सीवे बोलते हैं.

आत्या, मी त्याला तो शब्द परत म्हणायला लावला. टॅक्सीवे. वे म्हणजे वाट. टॅक्सीवाट! बाहेर बघितलं तर तशीच अरुंद सिमेंटची वाट, मोठ्या पट्टीला जाऊन मिळणारी. विमानं मागे मोकळ्या रानात उभी राहायची, म्हणून तर आपली फुटकी वाट कुठूनच येत नाही! ती रस्त्याकडून कशाला येईल, ती विमानांच्या गोठ्यातून यायची. कुणा साहेबाच्या तोंडचा शब्द आज्याने ऐकला, अर्धा तसाच ठेवला, अर्धा आपल्या भाषेत केला, आणि त्याच्यावर आपलं खळं बांधून ठेवलं. अक्षर न शिकलेला माणूस. तो गेला, शब्द तुझ्याकडे आला. तुम्हा दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि तरी इतक्या वर्षांत तुम्ही त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाहीत. आम्ही शहाणे, अर्थ लावत बसलो आणि जागा घालवायला निघालो.

मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. त्या मुलाने बिचाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली, त्याला वाटलं बाई घाबरली. तेवढ्यात विमान धावलं आणि जमीन सुटली. पोटात असा खड्डा पडला की देवाचं नाव सुचेना. आणि तेव्हा, खोटं नाही सांगत, मला ती पोरं आठवली. आपल्या खळ्यावरून धावत जाऊन अशीच जमीन सोडली असेल त्यांनी. त्यांच्याही पोटात असाच खड्डा पडला असेल, आणि शेजारी पाणी द्यायला कुणी नसेल. त्यांचा तुकडा तू का ठेवायचीस हे मला तिथे, ढगांच्या वर, समजलं.

स्नेहलच्या घरी पोचल्या पोचल्या फोन उचलला होता. मग म्हटलं, नको. फोनवर तू हॅलो हॅलो करत राहतेस, धड काही ऐकत नाहीस. आणि मला तुझं तोंड बघायचं होतं. आधी तू ऐटीत मान वळवली असतीस, मग म्हणाली असतीस, मी काय बोलत होते? मग मी म्हटलं असतं, पण तुझी काळी-पिवळी खोटी ठरली, साहेब टोपी मांडीवर घेऊन टॅक्सीत नव्हता बसला. आणि त्यावरून पुन्हा नवं भांडण सुरू झालं असतं, ते चार वर्षं पुरलं असतं. मी त्या भांडणाची वाट बघत होते गं. दादाचा फोन आला तेव्हा मी नातवाला भात भरवत होते.

परत येताना मुंबईला विमान उतरलं आणि तसंच हळूहळू चालत राहिलं. सगळे उठून बॅगा काढत होते. मी बसून राहिले. मनात म्हटलं, बघ आत्या, टॅक्सीवाट.

तेरावं झालं, भात झोडून झालं. दादा म्हणाला, यंदा घरात दुःख आहे, वर्षभर सणवार नाहीत, निवद नको. पुढच्या वर्षी देवळातच ठेवू. एक वर्ष सुटलं की कायमचं सुटणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी म्हटलं, सण कुठला, जेवायला वाढायचंय. आणि मग त्याला विमानातलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. दोन्ही रस्ते त्याने बोटाने हवेत एकदा काढून बघितले, पुन्हा काढले, आणि हात खाली घेतला. वहिनी म्हणाली, भाकरी टाकते मी.

आज सकाळी आम्ही गेलो. पट्टीवर गर्दी होती. चालणारी माणसं, कानात गाणी लावलेल्या मुली, स्कूटी शिकणारी एक बाई आणि तिच्यामागे धावणारा तिचा नवरा. फुटक्या सिमेंटचं तोंड मोठ्या पट्टीला मिळतं तिथे मी उभी राहिले. समोर डोंगर. आजपर्यंत किती वेळा तिथे उभी राहिले असेन, पण आज पायाखाली काय आहे हे मला पहिल्यांदा कळलं, आणि पुढे पाऊल टाकवेना. मी वळून दादाकडे बघितलं. तो जरा मागेच थांबला होता. वाकून चपला काढत होता. खळ्यात कुणी चपला घालून जात नाही, हे आपल्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. पण पट्टीवर चपला काढताना मी कुणालाच कधी बघितलं नव्हतं, आज्याचं काय ते ठाऊक नाही. मीही काढल्या. सिमेंट थंड होतं.

मी भाकरी मोडली. एक तुकडा खळ्याला ठेवला, एक लांब ठेवला. तुझा तिसरा ठेवावा असं वाटत होतं, पण तू खळ्यातलीच, तुला वेगळं पान कशाला म्हणून पहिल्याच तुकड्यावर गूळ थोडा जास्त ठेवला. नारळ दादाने फोडला. तेवढ्यात चालणाऱ्यांचा एक घोळका गप्पा मारत सरळ आमच्या अंगावर येत होता. दादा उठला. तुला माहीत आहे, तो बाहेर कुणाशी बोलला तर एकदम शुद्ध, नाहीतर हिंदीत. अनवाणी उभा राहून त्याने दोन्ही हात पसरले.

“जरा बाजूनं जा ओ. खला हाय इथं.”

त्यांनी खाली बघितलं. सिमेंट, गवत, भाकरीचे दोन तुकडे. एकमेकांकडे बघितलं. आणि मग आत्या, ती सगळी माणसं वळसा घालून गेली.